आखूड क्रँकची सायकल

माझ्या आईदेखत त्या माणसानं माझ्या लोखंडी कपाटाची किंमत शून्य सांगितली, ती आमची पहिली भेट. टेम्पोतलं सामान अजून उतरायचं होतं. त्यांनी कपाटाच्या दारावर बोटानं टकटक केलं, दार उघडून-लावून पाहिलं, वाकून चारी पाय चाचपले आणि म्हणाले, "हे वर चढवायला हमाल जेवढे मागेल, तेवढ्याचं पण नाही हे. इथंच टाकून द्या." आईनं ते कपाट माझ्या नोकरीसाठी म्हणून नांदेडहून आणलं होतं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "हौसेनं आणलंय हो," ती म्हणाली, "हौसेला मोल नसतं."

"हौ ना," ते म्हणाले, "विकायला काढा, म्हणजे कळतं. हौसेला मोल नसतंच."

अशी जीभ! मी तिथल्या तिथं ठरवलं, महिना भरायचा आणि या घरातून निघायचं. राहिले मात्र चांगली बदली होईपर्यंत. कारण हैदराबादेत, विद्यानगरात त्याआधी दोन घरमालकांनी मला आधी आडनाव विचारलं होतं आणि ते ऐकल्याबरोबर त्यांच्या रिकाम्या खोल्या पुतण्यांना दिलेल्या निघाल्या होत्या. या घरमालकानं आडनाव विचारलंच नाही. विचारलं ते असं : पाणी किती बादल्या लागतं, जिना उतरताना पाय आपटतेस का, आणि कपाट टाकतेस की नाही. नाही म्हटलं. मग स्वतःच खालून हात लावून ते हमालाबरोबर वर चढवलं आणि वर पोचल्यावर म्हणाले, "आता तर किंमत आणखी कमी झाली. चढवण्याची मजुरी गेली."

सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, मीही म्हणू लागले. तंत्रनिकेतनात पोरांना यंत्रांची चित्रं काढायला शिकवून निवृत्त झालेले. डावा पाय लहानपणीच्या पोलिओनं आखूड राहिलेला, त्यामुळे चालताना सगळं अंग एका बाजूला झुकायचं. घराणं उदगीरकडचं, शेतकरी, पण दोन पिढ्या हैदराबादेत गेल्यामुळे बोलणं इथल्या सगळ्या मराठी माणसांसारखंच झालेलं, अर्धं गावाकडचं आणि अर्धं चारमिनाराकडचं. नको म्हणायचं तर 'नक्को'. सावकाश म्हणायचं तर 'हल्लू'. आणि मला कायम 'बेटा', मी कितीही चिडलेली असले तरी.

त्यांचं वेड एकच. वापरलेल्या वस्तूचा भाव सांगणं. विद्यानगर ते तारनाका, जिथं कुठं मराठी माणूस जुनी शिलाई मशीन, स्कूटर, पंखा विकायला काढायचा, तिथं काकांना बोलावणं जायचं. दलाली नाही, चहा नाही, काही नाही. त्यांचं म्हणणं असं, की विकणारा लबाड असतो आणि घेणारा हावरट, म्हणून भाव तिसऱ्यानं सांगायचा. तिसरा दोघांच्याही नात्यातला नसावा. आणि भाव ऐकायच्या आधीच दोघांनी 'कबूल' म्हणायचं. एकदा कबूल म्हटलं की पुढं हूं का चूं करायचं नाही. मग काका वस्तू बघायचे, आणि सरतेशेवटी घेणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचे, "घेऊन करणार काय?"

या प्रश्नाच्या उत्तरावर सगळा भाव. वस्तूची किंमत वस्तूत नसते, ती जिथं जाणार तिथं असते, हा त्यांचा सिद्धान्त. एका गृहस्थांनी मुलीला शिकवायची म्हणून हार्मोनियम पसंत केली, चांगली नामांकित कारागिराच्या हातची. काकांनी बापाचं ऐकून घेतलं आणि दाराआड उभ्या असलेल्या त्या मुलीला विचारलं, "तू शिकणार का गं?" मुलीनं मान हलवली, नाही म्हणून. "मग ही पेटी नाही, पेटारा आहे," काका म्हणाले आणि लाकडी पेटाऱ्याचा भाव सांगितला. विकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, बाप लाजेनं लाल झाला, आणि काकांबरोबर गेलेली मी त्या घरात चहाचा कप हातात धरून तशीच बसले, गिळवेना की ठेववेना. पण दोघं कबूल म्हणून बसले होते. करतात काय!

राज्य दुभंगायचं ठरलं त्या दिवसांत तर काकांना उसंत राहिली नाही. माझ्या सरकारी ऑफिसात खुर्च्यांना चिठ्ठ्या लागत होत्या, ही इकडची, ही तिकडची, आणि माणसांनाही तशाच लागायच्या होत्या. कोण कुठल्या बाजूला जाणार, याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. किनाऱ्याकडची कितीतरी तेलुगू कुटुंबं सामान विकायला काढत होती, आणि घेणाऱ्यांना वाटत होतं, आता काय, जाणारेतच, मिळेल त्यात देतील. आमच्याच गल्लीतल्या एका तेलुगू मास्तरांचा फ्रिज असाच एक जण उचलायला आला. काकांनी जो भाव सांगितला, तो ऐकून त्याचे डोळेच पांढरे झाले. "काका, तुम्ही आपल्या बाजूचे की त्यांच्या बाजूचे?" तो ओरडला.

"मी फ्रिजच्या बाजूचा," काका म्हणाले. "कबूल म्हणालास ना? मोज."

गल्लीत दोन दिवस त्यावरून कुजबुज चालली. दगड येईल म्हणून मी खिडकी लावून झोपले. काका मात्र फाटकात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "राज्य वाटताना दोघांना आधी कबूल म्हणायला लावलं का कुणी? नाही ना? मग हे भांडण जन्मभर पुरणार बघा." ते लहान असताना जुनं हैदराबाद राज्य मोडलं, तेव्हा त्यांच्या उदगीरच्या चुलत्यांची शेतं तिकडच्या राज्यात गेली होती आणि हे बापाबरोबर इकडं राहिले होते. तेव्हाही आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, असं ते हसत हसत सांगायचे.

आता सायकल. ती बघितली त्या दिवशी मी खरोखरच तोंडात बोट घातलं. काळी, जाड टायरांची, डोंगरात चालवायची सायकल. दुकानातून आणलेली नव्हे, तुकड्या-तुकड्यांनी जमवलेली. सांगाडा त्यांनी स्वतः कागदावर आखून सिकंदराबादच्या एका वेल्डरकडून आपल्या मापानं जोडून घेतला होता. पुढचा हिसके खाणारा फोर्क मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी विद्यार्थ्याकडून घेतलेला. गिअर आणखी कुठले, ब्रेक आणखी कुठले. आणि सगळ्यात नवल म्हणजे क्रँक, पायडल ज्याच्या टोकाला फिरतं तो दांडा. उजवा नेहमीएवढा, आणि डावा आखूड. आखूड पायासाठी आखूड क्रँक.

हा माणूस किराणा दुकानापर्यंत जाताना दोनदा थांबायचा. आणि पहाटे त्या सायकलवर बसला की विद्यापीठाच्या मागच्या खडकांवरून बकरीसारखा चढायचा. मी एकदा बघायला गेले होते. मोठमोठ्या धोंड्यांवरून ते खाली सुटले होते, आणि होस्टेलची पोरं बाजूला होऊन शिट्ट्या वाजवत होती. खाली आल्यावर ते मला म्हणाले, "दिसला का बेटा, कुठला पाय आखूड आहे ते?" खरंच दिसला नव्हता.

पुढं जे व्हायचं ते झालं. एका सकाळी त्याच पोरांनी त्यांना हातांवर उचलून घरी आणलं. खडकावर छातीत कळ आली आणि ते सायकलसकट आडवे झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं, चालायला जा, रोज जा, पण सायकल बंद. त्या पायाला आणि त्या खडकांना जो जोर लागतो, तो आता या हृदयाला सोसायचा नाही.

काकू कमी बोलणाऱ्या. इतक्या कमी, की वर राहायला येऊन मला बरेच महिने झाले तरी त्यांचा आवाज मला कुकरच्या शिटीएवढाही परिचयाचा नव्हता. त्या दिवशी त्या अंगणात आल्या आणि माझ्यासमोर म्हणाल्या, "ही सायकल या घरातून जाईल, नाहीतर मी जाईन. मला पांढऱ्या कपाळानं इथं राहायचं नाही." काकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "फुकट द्यायची नाही. भंगारात नाही. रीतसर विकू. योग्य माणूस येऊ दे."

आणि मग त्या योग्य माणसाची जी काही परीक्षा सुरू झाली! कुणीही सायकल बघायला आला, की काका टेप घेऊन त्याच्या तंगड्या मोजायचे. भिंतीला पाठ लावून उभं करायचं, दोन पायांमध्ये एक पुस्तक धरायला लावायचं आणि जमिनीपासून पुस्तकापर्यंत माप घ्यायचं, दोन्ही बाजूंनी. चांगले इंजिनिअर झालेले पोरगे बिचारे पुस्तक मांडीत धरून उभे! "दोन्ही पाय सारखेच आहेत की रे तुझे," काका खेदानं म्हणायचे, पण चेहरा बघावा तर खुलायचा. एक मुलगा म्हणाला, "काका, त्यात काय, डावा क्रँक बदलून घेईन." काका त्याच्यावर असे भडकले, की तो पुस्तक टाकून पळाला. "क्रँक बदलला की ती ही सायकल राहते का? माणसाचा पाय बदलून मग त्याच्याशी लग्न करणार का तू?"

काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं ऐकायच्या. नवरा सायकल विकत नाहीये, वेळ काढतोय, हे त्यांना कळत होतं. मला तर दिसतच होतं. पहाटे मी नळावर यायचे तेव्हा काका सायकलजवळ उभे असायचे, नुसता हात ठेवून. एक दिवस ते नुसता हात ठेवून थांबणार नाहीत, याची आम्हा दोघींना खात्री होती.

एका रविवारी असंच एक गिऱ्हाईक मापात नापास होऊन गेलं, आणि काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मी घेते," म्हणाल्या.

काका हसले. "काय घेतेस?"

"सायकल. मी घेणारी, तुम्ही विकणारे. तिसरा माणूस ही." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "नात्यातली नाही. म्हणा कबूल."

मी हबकलेच. काकांचं हसू जागच्या जागी थिजलं. आपलाच नियम, आपल्याच अंगणात, आणि भिंतीवरून शेजारी डोकावतायत. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? "कबूल," ते म्हणाले. काकूही म्हणाल्या. आणि दोघं माझ्याकडे बघू लागले.

मला सायकलीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सिद्धान्त ऐकून ऐकून पाठ झाला होता. वस्तूची किंमत ती जिथं जाणार तिथं असते. काकूंच्या घरात ही सायकल काय काम करणार? अंगणात उभी राहणार, आणि फार तर तिच्यावर ओले कपडे वाळत पडणार. मी डोळे मिटले आणि कपडे वाळत घालायच्या घोडीला बाजारात जे पडतात, तेवढे सांगून टाकले.

भिंतीपलीकडं कुणीतरी "अय्यय्यो" म्हणालं. काकांच्या तोंडावरचा रंग उडाला. मला वाटलं, आता परत छातीत कळ येते की काय! पण ते म्हणाले, "बरोबर आहे. मी पण हेच सांगितलं असतं." काकूंनी चोळीतून पाकीट काढलं आणि तिथल्या तिथं व्यवहार पुरा केला.

दुसऱ्या दिवसापासून पेरूच्या झाडाला टेकवलेल्या त्या सायकलच्या हँडलवर परकर, सांगाड्यावर चादर, आणि जागा उरली तर माझे कपडे. काका व्हरांड्यात बसून बघायचे. हात मात्र लावला नाही कधी. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय शिवायची नाही, हा त्यांचा बाणा, आणि विचारायचं तर तोंड नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणंही त्यांनी सोडलं. भावासाठी कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, "नक्को. मला आता काही कळत नाही." अंगावरचा सदरा ढगळ दिसायला लागला. मला काकूंचा राग यायला लागला, आणि माझाही. जीव वाचवायला म्हणून केलं, आणि जीव तर असाच चालला होता की समोर!

मग एका सकाळी खालून काकांची हाक आली, "बेटा! सायकल गेली! चोरी झाली!"

मी धावत खाली आले. पेरूखाली चादर आणि परकर घडी घालून ठेवलेले. चोर आणि घड्या घालतो? आणि माझा निळा पंजाबी ड्रेस, आदल्या दिवशी मी स्वतः हँडलवर टाकलेला, तो पण नाही. काकू भाजीला गेलेल्या दिसत होत्या. मी काकांना रिक्षात घातलं. ते म्हणाले, विद्यापीठाकडं घे, ही सायकल चोरून माणूस दुसरीकडं जाणार कुठं?

होस्टेलजवळच्या रुंद रस्त्यावर पोरींचा घोळका दिसला. मध्ये सायकल. आणि सायकलवर, माझा निळा पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला खोचून, काकू! आई गं! दोन पोरी बाजूनं धावत होत्या, पण धरलं कुणी नव्हतं. काकू चालवत होत्या. डुलत डुलत, पण चालवत होत्या.

आम्हाला बघून त्या घाबरल्या नाहीत की लाजल्या नाहीत. एक पाय टेकून उभ्या राहिल्या. धापा टाकत म्हणाल्या, "कंधारजवळच्या आमच्या गावात मी भावाची सायकल चालवायची. दांडीखालून पाय घालून. शाळेत जायची तिच्यावर. लग्न ठरलं आणि सुटलं ते."

"मला कधी सांगितलं नाहीस," काका म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

काका रस्त्याच्या कडेला मटकन बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, भाव चुकला. घेणारीला आपण विचारलंच नाही, घेऊन करणार काय." आणि खरंच की! हार्मोनियमवाल्याच्या पोरीलासुद्धा विचारणारा हा माणूस, आणि त्याचा सिद्धान्त घोकून बसलेली मी, दोघांनाही त्या दिवशी तो प्रश्न सुचला नव्हता. काकू काय करणार, हे जणू आम्हाला ठाऊकच होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका म्हणाले, "तो भाव रद्द. परत बसू."

"कबूल म्हणाला होतात," काकू म्हणाल्या. "हूं का चूं करायचं नाही."

काका त्यांच्या पायांकडे बघत होते. "डावा गुडघा वाकडा पडतोय तुझा," ते शेवटी म्हणाले. "क्रँक आखूड आहे ना. असाच चालवलास तर महिन्याभरात गुडघा जाईल."

"मग बदलून द्या," काकू म्हणाल्या.

काका इतके दिवस कशाच्या आधारावर बसून होते, ते मला त्या क्षणी कळलं. कपडे वाळत पडले तरी सायकल त्यांचीच होती, कारण त्यांच्याच पायाची होती. उद्या काकूंचा राग निवळला असता, परवा डॉक्टरांचं मन बदललं असतं. क्रँक बदलला की सगळं संपलं. मला वाटलं ते ओरडतील, त्या पोराला ओरडले तसे. ते उठले, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "घरी चल. माप घेतो."

घरी आल्यावर त्यांनी काकूंना भिंतीला उभं केलं, पुस्तक दिलं. "शी! लोक बघतायत," काकू म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या. त्यांनी इतक्या जणांची मापं घेतलेली मी बघितली होती. एकच माप दोनदा घेताना कधी बघितलं नव्हतं. दुपारी ते एकटेच बसनं सिकंदराबादला गेले आणि उजव्याच्या जोडीचा डावा क्रँक घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन पेरूखाली बसले. मी मागचं चाक धरलं होतं. काकू आत चहा टाकत होत्या. आखूड क्रँक निघता निघेना, वर्षानुवर्षं बसलेला तो. शेवटी एक आवाज झाला आणि तो त्यांच्या हातात आला. पायडल घासून गुळगुळीत झालेलं होतं. नवा क्रँक बसवला, फिरवून बघितला, पुसला. आणि नेमका तेव्हाच गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली. काका उठले, लंगडत फाटकाशी गेले आणि तो आखूड क्रँक त्याच्या गाडीत टाकला. भंगारवाला पैसे काढायला लागला, तर हातानंच नको म्हणाले.

मी धावले. "काका, असं काय करता! ठेवायचा ना आठवण म्हणून."

"ठेवला तर ती रोज बघेल," ते हळूच म्हणाले. "आणि रोज तिला वाटेल, माझा पाय काढला तिनं. नक्को."

काकू माझ्याच निळ्या ड्रेसात चहा घेऊन बाहेर आल्या. नव्या क्रँककडे बघितलं, मग काकांच्या रिकाम्या हातांकडे. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "अहो, तो जुना कुठंय?"

"विकला," काका म्हणाले. "आत्ताच एक जण येऊन घेऊन गेला. माझ्यासारखाच, डावा पाय आखूड असलेला. चांगला भाव आला."

मी थक्क होऊन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. जन्मात एका वस्तूचा भाव ज्यानं खोटा सांगितला नव्हता, तो माणूस बायकोच्या डोळ्यांत बघून सांगत होता, चांगला भाव आला. माझ्या तोंडातून काही निसटेल म्हणून मी चहाचा कप तोंडाला लावला आणि जीभ भाजून घेतली.

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "कुणाच्या तरी कामी आला." आणि त्या माझी ओढणी कमरेला खोचत सायकलकडे वळल्या.